चिंतलवार साहेब सल्ला द्यायला येतात

मृतात्मे ब्राह्ममुहूर्तावर भेटायला येतात, असं जाणकार सांगतात. त्या घटकेला जग निर्मळ असतं, मन तळ्यासारखं स्थिर असतं, आणि इहलोक-परलोकामधला पडदा इतका विरळ होतो की पलीकडची हाक अलीकडे स्वच्छ ऐकू यावी. मनोहर चिंतलवार साहेब मात्र रविवारी भर दुपारी येतात, आणि तेही निरंजन उरकुडेचं पोट पाटोडीच्या रश्शानं तुडुंब भरलेलं असताना. मे महिना आहे. कारखान्याच्या कॉलनीत कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत. अशा उन्हात जिवंत माणूस कुणाकडे जात नाही. मेलेला निघाला असेल तर त्याचं काहीतरी काम असणार, हे उघड आहे.

पण ते जरा पुढचं. आधी उरकुडे खाटेवर आडवा होतो. बायको, शैला, आतल्या खोलीत कपाट आवरते आहे. खिडकीतला कूलर घरघरतो आहे. उरकुडेचे डोळे अर्धे मिटलेत आणि उरलेल्या अर्ध्यांनी तो छताकडे बघत संशयितांची उजळणी करतो आहे.

उरकुडे एका सिमेंट कारखान्यात इलेक्ट्रिकल विभागाचा प्रमुख आहे. कारखान्याचं नाव घ्यायचं कारण नाही; धूळ सगळ्यांची सारखीच. तिथे क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघालेले सिमेंटचे खडे, दळणारी एक जुनी बॉल मिल आहे. आगगाडीच्या डब्याएवढं आडवं पिंप, त्याच्या पोटात पोलादी गोळे, आणि हे सगळं फिरवणारी एक सिंक्रोनस मोटर. मोटर म्हटल्यावर विहिरीवरची मोटर डोळ्यांपुढे येत असेल तर ती पुसून टाकावी. ही उभ्या चाकासारखी आहे, दोन पुरुष उंच, आणि स्वभावानं संथ. विहिरीवरची मोटर मिनिटाला हजारांनी गिरक्या मारते. ही फार तर दोनशे. इतकी सावकाश चालते म्हणून मध्ये गिअरबॉक्स लागत नाही. मोटर, तिच्यापुढे हवेनं फुगणारा क्लच, त्यापुढे एक दातेरी चाक, की लगेच मिल. मधला दलाल नाही. आणि दलाल नसलेल्या व्यवहारात होतं तेच इथे होतं: बिघडलं तर बोट कुणाकडे दाखवायचं ते कळत नाही.

वर्षानुवर्षं ही मोटर कुरकुर न करता चालली. मार्च सरला आणि बिघडली. म्हणजे एकटी सुरू होते, छान फिरते. क्लचमध्ये हवा सोडून तिला मिल जोडली, की दणका बसतो, मोटरचा ताल सुटतो आणि ब्रेकर पडतो. आधी कधीतरी व्हायचं. आता दर वेळी होतं, आणि चार दिवस झाले, मिल बंद आहे.

मेकॅनिकलचे प्रमुख दातारकर म्हणतात, मोटर म्हातारी झाली. उरकुडे म्हणतो, क्लच म्हातारा झाला. उद्या हेड ऑफिसचे लोक येऊन काय ते ठरवणार आहेत. मोटर दोषी ठरली तर ती भंगारात जाईल आणि तिच्या जागी गिअरबॉक्ससकट साधी मोटर येईल. गिअरबॉक्स मेकॅनिकलच्या ताब्यात, म्हणजे दातारकरांच्या. आणि उरकुडे राजस्थानातल्या नव्या प्लांटवर. बदलीबद्दल अजून कुणी शब्द काढलेला नाही. पण परवा मोठ्या साहेबांच्या पी.ए.नं त्याला कँटीनमध्ये सहज विचारलं, "उरकुडे साहेब, उंटाचं दूध कधी प्यालात का?"

तेव्हापासून उरकुडेचं अन्नावर मन नाही. आजची पाटोडी अपवाद.

संशय त्याला सगळ्यांचा आहे. दातारकरांचा तर आहेच. मार्चमध्ये हेड ऑफिसकडून सुरक्षेचं ऑडिट झालं, त्याआधी मिलची रंगरंगोटी करून गेलेल्या रंगाऱ्यांचा आहे. क्लचचे नवे लायनर पुरवणाऱ्या नागपूरच्या व्यापाऱ्याचा आहे. शैलाच्या भावाचाही आहे, कारण तो हल्ली फोनवर "मिल लागली का हो भाऊजी?" असं गरजेपेक्षा जास्त वेळा विचारतो.

डोळे मिटतात. कूलरच्या घरघरीत दुसराच एक आवाज मिसळतो. जाड, एकसुरी, पायाच्या तळव्यातून वर चढणारा. हा आवाज उरकुडे झोपेतही ओळखेल, आणि आत्ता तेच करतो आहे. मोटर चालू आहे. मोटर तर बंद आहे. मग चालवतो आहे कोण?

तो मान वळवतो. चिंतलवार साहेब खिडकीजवळ उभे राहून मगानं कूलरमध्ये पाणी ओततायत.

साहेब म्हणजे उरकुडेच्या आधीचे विभागप्रमुख. डिसेंबरात निवृत्त झाले आणि संक्रांतीचे तीळगूळ संपायच्या आत वारले. अंगावर निरोप समारंभातली शाल आहे, ऐन मेमध्ये. काखेत त्याच समारंभातला नारळ. हयातीत साहेब संशयासाठी प्रसिद्ध होते. चहा आला की आणणाऱ्याला आधी एक घोट घ्यायला लावत. पानाचा डबा कुलपात, त्याची किल्ली दुसऱ्या डब्यात, आणि तो डबाही कुलपात. त्यांच्या हाताखाली उरकुडे पंधरा-सोळा वर्षं काढून तयार झाला.

अशा प्रसंगासाठी उरकुडेच्या आईनं त्याला लहानपणीच तीन नियम घालून दिले होते. मेलेला माणूस स्वप्नात आला तर त्याला काही द्यायचं नाही, त्याच्याकडून काही घ्यायचं नाही, आणि 'चल' म्हणाला तर उठायचं नाही. उरकुडे इंजिनिअर असल्यामुळे असल्या गोष्टी मानत नाही. पाळतो.

"पाणी संपलं होतं," साहेब म्हणतात. "तुझ्या घरी कोणी पाहत नाही का बे?"

"साहेब, काही काम होतं?"

"काम असल्याशिवाय येऊ नये का?"

"आधी कधी आला नव्हतात."

साहेब हातातला मग खाली ठेवतात आणि जरा विचार करतात. "ते पण खरं आहे," म्हणतात. मग शाल सारखी करून म्हणतात, "चल."

उरकुडे खाटेची कड घट्ट धरतो. कुठे, असं विचारतो. साहेब म्हणतात, मिलवर, अजून कुठे. उरकुडे म्हणतो, मी उठणार नाही.

"आईनं सांगितलं असेल."

"हो."

"माझ्या पण आईनं सांगितलं होतं. आता भेटते तेव्हा विचारतो, तर म्हणते मला आठवत नाही." साहेब खाटेच्या पायथ्याशी टेकतात. "उठू नको तू. पडून राहा."

आणि उठायची गरजच पडत नाही, कारण खाट मोटरच्या खोलीत आहे. कधी आली ते उरकुडेला कळलेलं नाही, पण मच्छरदाणीच्या दांडीला ब्रेकरची किल्ली लटकलेली आहे आणि मोटरच्या चौथऱ्यावर शैलानं कैरीच्या लोणच्याच्या बरण्या ओळीनं मांडल्या आहेत, तोंडाला फडकी बांधून. मोटर समोर उभी आहे, जशी असते तशी, फक्त जरा मोठी. तिची वरची कड छतातून बाहेर गेलीय. नियम मोडलेला नाही, अशी उरकुडे मनातल्या मनात नोंद घेतो. उठलेलो नाही. खाट आली, त्याला मी काय करणार.

साहेब विचारतात, संशय कोणावर आहे. उरकुडे यादी सांगतो. साहेब डोळे मिटून, गाणं ऐकावं तसे ऐकतात. दातारकरांच्या नावाला मान डोलावतात. रंगाऱ्यांना 'अच्छा' म्हणतात. मेव्हण्याला तर दादच देतात. ते माझ्या लक्षात आलं नसतं, म्हणतात.

"आणि माझ्यावर?"

उरकुडे मच्छरदाणीची दांडी चाचपतो.

"नाही? मग मी तुला एवढी वर्षं शिकवलं काय?"

आता उरकुडेला साहेबांचा संशय येतो. उशिरा येतो, पण पुरता येतो. यांच्या काळात मोटर एकदाही ताल सोडत नव्हती. हे गेले, आणि तीनेक महिन्यांत बिघाड. माणूस जाताना काहीतरी करून गेला असेल. दृष्ट लावून गेला असेल, बोल्ट ढिला करून गेला असेल. दोन्हींत त्याला आत्ता फरक वाटत नाही. तो साहेबांच्या पायांकडे बघतो. पाय सरळच आहेत, चपला नवीन आहेत. नवीन चपलांचा संशय वेगळा.

साहेब उठतात आणि नारळाच्या शेंडीनं बटण दाबतात.

मोटर हलते. आधी जडपणे, साधी मोटर चालते तशी, ढकलगाडीसारखी. साहेब थांबा म्हणून हात वर करतात आणि वाट बघतात. वेग भरत येतो. मग ते दुसरं बटण दाबतात, आतल्या फिरत्या चाकाला, म्हणजे रोटरला, डीसी करंट जातो, आणि मोटर एक लहानसा झटका खाऊन विजेच्या लायनीच्या तालात पाय टाकते. आवाज एकदम साफ होतो. भिंत काचेची झाल्यासारखी उरकुडेला पलीकडचं दिसतं: दूर थर्मल वीजकेंद्राची जनित्रं फिरतायत, त्यांच्याही पलीकडे आणखी कुठली कुठली, आणि सगळी एकाच ठोक्यावर, एकमेकांना न ओळखता. लोणच्याच्या बरण्याही त्याच ठोक्यावर थरथरतायत.

"आता हिच्यावर भार टाक," साहेब म्हणतात. "काय होईल?"

तोंडी परीक्षा. उरकुडे सांगतो की भार आला की रोटर फिरत्या चुंबकक्षेत्राच्या किंचित मागे सरतो, पण वेग तोच ठेवतो.

"फेरा चुकवत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते काहीच झालं नाही. अजून भार टाक, अजून जरा मागे. रोज तेवढीच फिरते, फक्त आतून मागे सरत जाते. अन् मग एक मर्यादा येते." साहेब मोटरकडे बघत राहतात. "त्यानंतर थकत नाही, हळू होत नाही. एकदम सुटते."

साहेब मोटरविषयी बोलत नसावेत, अशी उरकुडेला शंका येते. तो तसं दाखवत नाही. निवृत्त झाल्यावर साहेबांना काय झालं होतं, हे त्यानं कधी नीट विचारलं नव्हतं. हार्ट, असं कुणीतरी सांगितलं होतं, आणि त्या आठवड्यात मिलचं मोठं काम निघालं होतं.

तो नजर चुकवायला मान वळवतो, तर मोटर नाही. खाट मिलच्या पोटात आहे आणि मिलच्या पोटात बसस्टँड आहे. वर गोल पोलादी छत, त्यावर लायनरच्या, म्हणजे अस्तराच्या, पट्ट्या. खाली बाकांवर गोळे बसलेले, मोठे पुढे आणि लहान मागे, मिलमध्ये असतात तसेच. कुणी बोलत नाही. लाउडस्पीकरवर कुठल्याशा गाडीची घोषणा चालू आहे. गाडी फलाटाला लागत नाही, घोषणा थांबत नाही. सगळ्यांच्या अंगावर एकसारखी करडी धूळ. उरकुडे आपले हात बघतो. त्याच्याही.

कोपऱ्यात पिवळ्या रंगाचं एसटीडी बूथ आहे. साहेब आत स्टुलावर, नारळ मांडीवर घेऊन, फोनसमोर बसलेत. फार दिवसांपासून बसलेला माणूस बसतो तसे.

"फोन का नाही केला?" ते विचारतात.

"कधी?"

"रिटायर झाल्यावर."

"साहेब, तुम्ही वारलात."

"लगेच नाही ना वारलो. महिनाभर होतो."

उरकुडे हातावरची धूळ झटकतो. साहेबही उत्तर मागत नाहीत. ते सांगायला लागतात, आणि जे सांगतात ते कारखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त कुणी कुणाजवळ बोलत नाही. निवृत्त होणारा प्रत्येक माणूस चार्ज देताना एक गोष्ट सांगायची ठेवतो. सगळं सांगतो, हातात हात घेऊन सांगतो, डोळ्यांत पाणी आणून सांगतो, आणि एक ठेवतो. भट्टीवरचे बोढे गेले ते बर्नरची एक खूण मनात ठेवून गेले. स्टोअरचे कीपर गेले ते एक रॅक सांगायचं विसरून गेले, मुद्दाम. मग दोनेक महिन्यांत फोन येतो, साहेब, जरा येऊन जाता का. गाडी येते. गेटवरचा वॉचमन सलाम ठोकतो. चहा कपबशीत येतो. आणि नव्या पोरांना कुणीतरी ओळख करून देतं: हे आमचे सल्लागार.

"तू पण एक ठरवून ठेवली आहे," साहेब म्हणतात. "रिलेची."

उरकुडे इकडेतिकडे बघतो, कुणी ऐकलं का ते. ती गोष्ट त्यानं शैलालाही सांगितलेली नाही. सांगून तिला कळली नसती, हा भाग वेगळा.

"मी बी एक ठेवली होती," साहेब म्हणतात. "अन् बसलो फोनजवळ. बायको म्हणे, देवळात जा, बागेत जा. मी म्हटलं, बाहेर गेलो अन् फोन आला तर? रोज सकाळी पुसायचो मी फोन." ते बोटानं रिसीव्हरवरची धूळ पुसतात. धूळ पुन्हा बसते. "पण मोटरच बंद नाही पडली. सत्तावीस वर्षं जीव लावला तिले, तर एक ट्रिप नाही दिली तिनं मले. एक."

बाकावरचा एक गोळा घरंगळून खाली पडतो आणि फार वेळ घरंगळत राहतो.

"आता सांगा ना, साहेब," उरकुडे म्हणतो. "मी बोलावलं असं समजा."

"आता सांगतोच. त्यासाठीच आलो. पण असं सांगणार नाही."

"मला तुम्हाला काही देता येत नाही."

"देऊ नको. घे."

साहेब शालीतून हात बाहेर काढतात. बोटांत एक दोरा आहे. पूजेचा लाल दोरा, पण लाल आता नावाला; तेल पिऊन काळा पडलेला, सिमेंटनं ताठरलेला, एका टोकाला गाठ आणि दुसऱ्या टोकाला कापल्याची खूण. उरकुडे हात मागे घेतो. कशाचा आहे, असं विचारतो. साहेब म्हणतात, आधी घे, मग सांगतो.

उरकुडे दोऱ्याकडे बघतो. यमाचा पाश म्हणतात तो हाच असेल तर खरेदी विभागानं सगळ्यांत स्वस्त कोटेशन मंजूर केलेलं दिसतं. हा माणूस आयुष्यात कधी कुणाला फुकट काही देत नव्हता. एकटाच बसलाय इथे, सोबत हवी असेल. पोलादी गोळ्यांशी किती बोलणार. आईचा दुसरा नियम उरकुडेला आईच्याच आवाजात ऐकू येतो. लाउडस्पीकरवरून येतो, गाडीच्या घोषणेच्या मधोमध.

आणि मग त्याच्या नाकात उंटाच्या दुधाचा वास येतो. वास कसा असतो ते त्याला माहीत नाही, तरी येतो.

तो हात पुढे करतो. साहेब दोरा त्याच्या तळहातावर ठेवतात आणि त्याची बोटं स्वतःच्या हातानं मिटतात. हात गार नाही. ऊनही नाही. कारखान्यात हात मिळवताना असायचा तसाच, खरखरीत.

"क्लचच्या हवेचा व्हॉल्व्ह," साहेब म्हणतात. बूथच्या भिंतीवर, फोनच्या वर, छोटा पितळी व्हॉल्व्ह आहे. तो तिथे कधीपासून आहे, हे उरकुडे विचारत नाही. "हवा एकदम सोडली तर क्लचातली रबरी टायर एकदम फुगते. क्लच एकदम धरते. अख्खी मिल गोळ्यांसकट मोटरच्या गळ्यात पडते. कशी तालात राहील ती? अन् फारच कमी सोडली तर क्लच नुसता घासते, जळते. म्हणून अर्धा उघडा. मोटरला मागे सरायला सवड भेटते. इतकंच."

"इतकंच?"

"इतकंच."

तज्ज्ञाचा सल्ला ऐकल्यावर होतो तो अपेक्षाभंग उरकुडेला होतो. आणि हा दोरा, तो विचारतो.

साहेब सांगतात की आधी त्या व्हॉल्व्हला कुलूप घालून पाहिलं, ते कुणीतरी तोडलं. मग 'हात लावू नये' अशी पाटी लावली, तर जो तो वाचून हात लावून पाहू लागला. मग एका दसऱ्याला, यंत्रांची पूजा चालली असताना, त्यांनी व्हॉल्व्ह अर्धा ठेवून त्याला लाल दोरा गुंडाळला, हळदकुंकू वाहिलं आणि डोळे मिटून उभे राहिले. त्या दिवसापासून माणसं नमस्कार करून पुढे जाऊ लागली. फिटर, हेल्पर, मोठे साहेब. दातारकरसुद्धा. दर दसऱ्याला नवा दोरा, सेटिंग तेच.

"आम्हाला वाटायचं, तुम्ही भाविक आहात."

"मी? अभिषेकाची पावती घेतल्याशिवाय मी देवळातून निघत नाही."

उरकुडे दोरा उलटसुलट करतो. कापल्याची खूण ताजी दिसते. त्याला एकदम हुरूप येतो. गुन्हेगार आता हाताशी आलाय.

"मग हा कापला कोणी, साहेब? दातारकरांनी ना?"

साहेब त्याच्याकडे बघतात. चहा आणणाऱ्याकडे बघायचे तसे, अगदी त्याच नजरेनं, रागानं नव्हे. कप पुढे सरकवावा तसा नुसता हात सरकवतात.

"आधी तू एक घोट घे," म्हणतात.

तेवढ्यात फोन वाजतो.

साहेबांचा चेहरा बदलतो. ते शाल नीट करतात, केसांवरून हात फिरवतात, नारळ खाली ठेवतात. बाकांवरचे गोळे सगळे त्यांच्याकडे बघतात. "माझाच आहे," ते म्हणतात आणि रिसीव्हरकडे हात नेतात. फोन वाजतो आहे, वाजतो आहे—

उशाशी मोबाइल वाजतो आहे. उरकुडे घामानं निथळतो आहे. कूलर कोरडाच घरघरतो आहे. पाण्याचा थेंब नाही त्यात. फोनवर शिफ्टचा वांढरे आहे. मिलचा अजून एक ट्रायल घ्यायचा, की उद्या साहेब लोक आल्यावरच घ्यायचा, असं तो विचारतो आहे.

उरकुडे उत्तर देत नाही, कारण त्याच्या मुठीत काहीतरी टोचतं आहे. तो मूठ उघडतो. लाल दोरा. तेलानं काळा, सिमेंटनं ताठ, एका टोकाला गाठ, दुसऱ्या टोकाला कापलेला.

"सापडला का तुम्हाला?" शैला आतून विचारते. "उद्याच्या मिटिंगला तो निळा शर्ट काढला, त्याच्या खिशात होता. पूजेचा दिसला म्हणून टाकवेना, तुमच्या उशाशी ठेवला. मार्चपासून नाही घातला हो तुम्ही तो शर्ट. आणि कूलरमध्ये पाणी टाका, किती वेळची ओरडते मी."

उरकुडे दोऱ्याकडे बघत बसतो. मार्च, निळा शर्ट, ऑडिटच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. हेड ऑफिसच्या माणसाला यंत्राजवळ लोंबते दोरे चालत नाहीत, असं कळलं होतं. दोरा कापायला फिटर तयार होईना, हेल्पर तयार होईना. तेव्हा विज्ञान शिकलेला इंजिनिअर म्हणून उरकुडेनं स्वतः कटर घेतला होता. पूजेचा दोरा कचऱ्यात कसा टाकायचा, म्हणून नदीत सोडायला खिशात ठेवला होता. आणि खालचा व्हॉल्व्ह अर्धवटच उघडा दिसला, तेव्हा काम असं अर्धवट ठेवणाऱ्या कुण्या आळशी माणसाला मनात शिवी देऊन तो पूर्ण उघडला होता. त्यानंतर किती जणांनी मिल तपासली, पण उघडा व्हॉल्व्ह कुणाच्या डोळ्यांत खुपला नाही. व्हॉल्व्ह उघडाच असतो.

"साहेब?" वांढरे फोनवर म्हणतो. "आहात ना?"

"क्लचच्या हवेचा व्हॉल्व्ह अर्धा बंद कर," उरकुडे म्हणतो. "अर्धाच. मग घे ट्रायल."

हे कोणी सांगितलं, असं वांढरे विचारतो. उरकुडे म्हणतो, सल्लागारांनी.

तो खाटेवरच बसून राहतो. मग उठून कूलरमध्ये पाणी ओततो, मगानं. पहिला मग, दुसरा. उद्या हेड ऑफिससमोर काय सांगायचं, कुणानं दोरा कापला म्हणायचं, रंगारी आता कुठल्या गावी काम करत असतील, असे विचार एकामागून एक येतात आणि प्रत्येक विचार अर्ध्यावर बंद होतो. चौथा मग ओतत असताना फोन वाजतो.

मिल लागली, वांढरे म्हणतो. पहिल्याच झटक्यात. आवाज ऐका, म्हणून तो फोन मोटरजवळ धरतो. उरकुडे ऐकतो, बराच वेळ. मग सांगतो की व्हॉल्व्हला कुणी हात लावू नये, आणि पाटीबिटी काही लावू नका. संध्याकाळी मी येतो, थोडं हळदकुंकू मागवून ठेव.

वांढरेला एक शेवटची शंका असते. एवढे दिवस एवढी माणसं खपली, तर त्या व्हॉल्व्हला काही खास पाना वगैरे लागत होता का, असं उद्या दातारकर साहेबांनी विचारलं तर काय सांगायचं.

पाना लागत नाही, उरकुडे म्हणतो. तो हातानं फिरतो.